चौदा षटके चार चेंडू: एका आवर्ती दशांशाचा हिशेब

२५ मे २०१४, आयपीएलच्या साखळी फेरीचा अखेरचा दिवस. वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स समोरासमोर. पुढच्या फेरीतली चौथी जागा तेवढी उरलेली, राजस्थानचे १४ गुण, मुंबईचे १२. संजू सॅमसनच्या ७४ आणि करुण नायरच्या ५० धावांच्या जोरावर राजस्थानने २० षटकांत ४ बाद १८९ पर्यंत मजल मारली. मुंबई नुसती जिंकली तर दोघांचे गुण सारखे होणार आणि निकाल निव्वळ धावगतीवर, म्हणजे सगळे ज्याला नेट रनरेट म्हणतात त्यावर लागणार. ती धावगती राजस्थानच्या वर न्यायची तर १९० धावा १४.३ षटकांत करायला हव्या होत्या.

कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ कुटल्या. अंबाती रायुडूने १० चेंडूंत ३०. पंधराव्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर दोन धावा हव्या असताना दुसरी धाव घेताना रायुडू धावबाद झाला आणि धावसंख्या १८९ वर, बरोबरीत अडकली. १४.३ षटके संपली होती. सगळे संपले असे वाटत असतानाच नवे समीकरण समोर आले: पुढच्याच चेंडूवर चौकार बसला तर अजूनही मुंबई पात्र ठरते. आदित्य तरे नुकताच खेळपट्टीवर आला होता. जेम्स फॉकनरचा फुलटॉस त्याने लेग साइडला थेट प्रेक्षकांत भिरकावला. १४.४ षटकांत ५ बाद १९५. तिकडे राजस्थानच्या गोटात राहुल द्रविडने टोपी जमिनीवर आपटली; एरवी शांत असणाऱ्या माणसाचे ते रूप क्रिकेट पाहणाऱ्यांना आजही आठवते. अंतिम तक्त्यात मुंबईची निव्वळ धावगती अधिक ०.०९५, राजस्थानची अधिक ०.०६०.

मी गणित शिकवतो आणि हा सामना मला शाब्दिक उदाहरण म्हणून फार मोलाचा वाटतो. अखंड आवर्ती दशांशाचे अपूर्णांकात रूपांतर नववीच्या बीजगणितात येते. क्ष मानायचा, १० ने किंवा १०० ने गुणायचे, वजाबाकी करायची, उत्तर लिहायचे, की प्रकरण मिटले. हे कशासाठी करायचे, याचे उत्तर मुलांना बहुधा मिळत नाही. "कॅल्क्युलेटरवर १४.६७ घेतले तर काय बिघडते?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रास्त उत्तर द्यायला हवे. वानखेडेवरच्या त्या एका चेंडूत ते उत्तर आहे.

१४.४ मधले टिंब

धावफलकावरचे १४.४ हे दशांश रूप नाही. टिंबापुढचा ४ हा चार दशमांश नसून सहापैकी चार चेंडू आहे. षटकात सहा चेंडू, म्हणून हिशेबात १४.४ षटके म्हणजे १४ पूर्णांक ४/६, आणि दशांशात १४.६६६…, जिथे ६ संपतच नाही.

सहाच्या पाढ्यातले हे पाच भाग एकदा मांडून पाहावेत. एक चेंडू म्हणजे ०.१६६६… षटक, दोन म्हणजे ०.३३३…, तीन म्हणजे ०.५, चार म्हणजे ०.६६६…, पाच म्हणजे ०.८३३३… पाचांपैकी एकटा तिसरा चेंडू खंडित दशांश देतो, कारण ३/६ मधला छेदातला ३ हा अवयव अंशाशी छेदला जातो. बाकी चारही ठिकाणी तो ३ छेदात शिल्लक राहतो, आणि छेदात २ व ५ सोडून दुसरा मूळ अवयव उरला की दशांश रूप संपत नाही. मुंबईचे मूळ लक्ष्य १४.३ षटकांचे होते, म्हणजे हिशेबात सरळ १४.५. एक चेंडू पुढे सरकला आणि संख्या आवर्ती झाली.

आता रूपांतर. क्ष = १४.६६६… मानू. मग १० क्ष = १४६.६६६… दोन्हींचे टिंबानंतरचे शेपूट हुबेहूब सारखे आहे, म्हणून वजाबाकीत ते पूर्ण नाहीसे होते: ९ क्ष = १३२, आणि क्ष = १३२/९ = ४४/३. ज्याला चेंडूंची संख्या माहीत आहे त्याला हे ८८/६ वरूनही मिळेल, आणि तेच सोपे. पण दोन्ही वाटांनी एकच ४४/३ येतो हे मुलांनी स्वतः पाहणे महत्त्वाचे. रूपांतराच्या रीतीवर विश्वास बसतो तो अशा पडताळ्याने.

मुंबईची त्या सामन्यातली धावगती म्हणजे १९५ भागिले ४४/३, म्हणजेच ५८५/४४. भागाकार केला तर १३.२९५४५४५४… टिंबानंतर आधी २९ एकदाच येतो आणि मग ५४ हा गट अखंड फिरत राहतो.

इथे वर्गात हमखास होणारी चूक म्हणजे १९५ ला थेट १४.४ ने भागणे. उत्तर १३.५४१६६६… येते, खऱ्या धावगतीपेक्षा षटकाला जवळपास पाव धावेने जास्त. एका सामन्यात पाव धाव. साऱ्या स्पर्धेच्या बेरजेत हा फरक पातळ होतो, पण किती पातळ, ते मोजले पाहिजे. निव्वळ धावगती काढताना प्रत्येक सामन्याच्या धावगतीची सरासरी घेत नाहीत. संघाने स्पर्धेत केलेल्या एकूण धावा भागिले खेळलेली एकूण षटके, आणि त्यातून दिलेल्या एकूण धावा भागिले टाकलेली एकूण षटके वजा, असा तो हिशेब असतो. १४ सामन्यांत पावणेतीनशेच्या आसपास षटके आणि षटकाला साधारण आठ धावा धरल्या, तर फक्त या एका डावातली षटके १४.४ धरल्याने मुंबईची धावगती सुमारे ०.००८ ने फुगते. तीच षटके राजस्थानच्या 'टाकलेल्या' खात्यात जातात, त्यामुळे त्यांची निव्वळ धावगती तितकीच घसरते. दोघांमधले अंतर ०.०१६ ने चुकले. खरे अंतर होते ०.०३५. एका टिंबाच्या वाचनात जवळपास निम्मा निकाल गेला.

षटकांची बेरीजही याच टिंबापाशी अडखळते. १९.३ आणि १४.४ मिळून ३३.७ होत नाहीत. ११७ चेंडू आणि ८८ चेंडू मिळून २०५, म्हणजे ३४.१ षटके.

उलटे उदाहरण

आतापर्यंत चेंडूंवरून दशांश काढला. रूपांतराची खरी गरज उलट्या दिशेने जाताना पडते, आणि हा भाग मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतो.

उदाहरण असे: एका संघाने वीस षटकांच्या सामन्यात षटकामागे १३.२९५४५४५४… या गतीने १९५ धावा केल्या. त्यांनी किती चेंडू खेळले?

क्ष = १३.२९५४५४… मानू. फिरणारा गट दोन अंकी आहे, पण त्याआधी न फिरणारे दोन अंकही आहेत. म्हणून क्ष चे असे दोन पट हवेत, ज्यांचे शेपूट ५४५४… असेच सुरू होईल. १०० क्ष = १३२९.५४५४… आणि १०००० क्ष = १३२९५४.५४५४… वजाबाकी केली की ९९०० क्ष = १३१६२५. दोन्ही बाजू २५ ने आणि मग ९ ने छेदल्या की क्ष = ५८५/४४.

काही मुले १०० क्ष मधून क्ष वजा करतात आणि वजाबाकी १३१६.२५ आली की घाबरून खोडतात. खोडायचे काही कारण नाही. ९९ क्ष = १३१६.२५ हेही बरोबरच आहे. दोन्ही बाजू १०० ने गुणल्या की तीच ९९०० आणि १३१६२५ ची जोडी समोर येते. शेपूट कुठून तरी पुढे जुळले की पुरते. ते टिंबाच्या लगेच पुढून जुळावे लागत नाही.

पुढचे काम सोपे. षटके = १९५ भागिले ५८५/४४. आता ५८५ म्हणजे बरोबर १९५ ची तिप्पट, त्यामुळे उरतात ४४/३ षटके. सहाने गुणले की ८८ चेंडू. फलकावर १४.४.

आता उदाहरणातून '१९५ धावा' हे शब्द काढून टाका. फक्त धावगती द्या, १३.२९५४५४…, आणि वीस षटकांचा सामना आहे एवढेच सांगा. तरीही उत्तर निघते! ५८५/४४ ही षटकामागची गती, म्हणून चेंडूमागची गती ५८५/२६४, आणि ती अतिसंक्षिप्त रूपात १९५/८८. १९५ चे मूळ अवयव ३, ५, १३. ८८ चे २ आणि ११. सामाईक एकही नाही. म्हणजे चेंडूंची संख्या ८८ च्या पटीतच असली पाहिजे. वीस षटकांत जास्तीत जास्त १२० चेंडू. ८८ ची पुढची पट १७६, ती बसत नाही. म्हणून चेंडू ८८ आणि धावा १९५, दुसरी शक्यताच नाही. एका दशांश संख्येच्या फिरत्या शेपटातून अख्खा धावफलक परत मिळाला.

हे १३.३० या गोळाबेरजेतून मिळणार नाही. १३.३० म्हणजे १३३/१०, चेंडूमागे १३३/६०, आणि त्यातून ६० चेंडूंत १३३ धावा असा भलताच डाव हाती येतो. "१४.६७ घेतले तर काय बिघडते" या प्रश्नाचे हे उत्तर आहे. धावा दिलेल्या असतील तर पूर्ण संख्येचा अंदाज बांधून सुटका होते. १९५ ला १३.३ ने भागून सहाने गुणले तर ८७.९७ येतात आणि आपण ८८ म्हणतो. पण साऱ्या स्पर्धेचे सोळाशेच्या वर चेंडू घ्या आणि दोन दशांश स्थळांपर्यंतची धावगती घ्या. षटकाला आठ धावांच्या आसपास गती असेल तर ०.००५ ची संभाव्य चूक म्हणजे सुमारे एक चेंडू. त्या रात्री सगळा प्रश्न एकाच चेंडूचा होता.

५८५/४४ चे शेपूट असे का दिसते, तेही छेदातच लिहिलेले आहे. ४४ म्हणजे २ × २ × ११. दोन वेळा आलेल्या २ मुळे न फिरणारे अंक दोन, म्हणजे २९. ११ मुळे फिरणारा गट दोन अंकी, म्हणजे ५४.

एक धाव का पुरली नसती

१८९ वर बरोबरी असताना जिंकायला एकच धाव हवी होती. मग चौकारच का लागत होता? आणि दोन किंवा तीन धावा का चालल्या नसत्या?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्रिकेटच्या नियमात आहे. विजयी धाव पूर्ण झाली की सामना तिथेच संपतो, पुढे पळून काढलेल्या धावा धरत नाहीत. त्याआधी चेंडू सीमेपार गेला तर मात्र चार किंवा सहा पूर्ण मिळतात. म्हणून त्या चेंडूवर बॅटने जिंकायचे तीनच मार्ग उरले होते: १९०, १९३ किंवा १९५.

पहिल्याचे उत्तर अंतिम तक्त्यावरून सिद्ध करता येते, आणि त्यासाठी दोन्ही संघांच्या एकूण धावा माहीत असण्याचीही गरज नाही. मुंबई १९५ ऐवजी १९० वर थांबली असती, तर तिच्या एकूण धावा ५ ने कमी झाल्या असत्या, षटके तेवढीच. म्हणजे तिची निव्वळ धावगती ५ भागिले एकूण षटके एवढ्याने घसरली असती. राजस्थानने ५ धावा कमी दिल्या असत्या, म्हणून त्यांची तशीच वाढली असती.

एकूण षटके जास्तीत जास्त किती असू शकतात? उरलेल्या १३ सामन्यांत पूर्ण वीस-वीस षटके झाली असे धरले, तरी २६० अधिक ४४/३, म्हणजे ८२४/३. राजस्थानने टाकलेल्या षटकांनाही हीच मर्यादा. अपूर्णांक ठेवल्याचा फायदा आता दिसतो. दोन्ही बाजूंचा मिळून फरक कमीत कमी १० भागिले ८२४/३, म्हणजे ३०/८२४, अतिसंक्षिप्त १५/४१२. याचे दशांश रूप ०.०३६४ पासून सुरू होते.

प्रत्यक्षातले अंतर ०.०९५ वजा ०.०६०, म्हणजे ०.०३५. तक्ता तीन दशांश स्थळांपर्यंत असल्यामुळे खरे अंतर ०.०३४ ते ०.०३६ यांच्यामध्ये कुठेतरी. ०.०३६४ त्या वरच्या टोकाच्याही पुढे जाते. एक धाव काढून मुंबई सामना जिंकली असती आणि स्पर्धेतून बाहेर पडली असती.

फरक किती थोडा आहे पाहा: ०.०३६ आणि ०.०३६४. षटके ढोबळपणे २८० धरली असती तर १०/२८०, म्हणजे १/२८, म्हणजे ०.०३५७… आले असते. ते ०.०३६ च्या आत पडते आणि सिद्धता तिथेच मोडते. ४४/३ अचूक धरला म्हणून ती उभी राहिली.

चौकाराचा हिशेब त्यामानाने सोपा. १९५ ऐवजी १९३, दोन धावा कमी, दोन्ही बाजूंचा फरक ४ भागिले एकूण षटके. षटके अवघी २०० धरली तरी ०.०२, ०.०३४ मधून ते गेले तरी मुंबई वर राहते. म्हणजे समोर आलेले समीकरण बरोबर होते.

एक सावधगिरी. ८७ चेंडूंत १९० म्हणजे गती १३.१०३…, आणि ८८ चेंडूंत १९३ म्हणजे १३.१५९…, दुसरी मोठी, म्हणून चौकार पुरतो, असा झटपट युक्तिवाद करता येतो. निष्कर्ष बरोबर येतो, पण रीत चुकीची आहे. ठरवणारी गोष्ट एकूण धावा भागिले एकूण षटके ही आहे, एका सामन्याची गती नाही. या दोन तुलना वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. ८८ चेंडूंत १९२ ही (नियमाने अशक्य असलेली) धावसंख्या घ्या. सामन्याची गती १३.०९०…, ८७ चेंडूंत १९० पेक्षा कमी. पण एका जादा चेंडूवर दोन धावा म्हणजे षटकाला १२ ची गती, आणि स्पर्धेची एकूण गती त्याहून बरीच खाली, म्हणून एकूण हिशेबात १९२ च सरस. हुशार मुलांना हा मुद्दा जरूर द्यावा.

जिथे शेपूट दिसत नाही

रायुडूची दुसरी धाव पूर्ण झाली असती तर मुंबईची गती १९० × ६ भागिले ८७, म्हणजे ३८०/२९ असती. दशांशात १३.१०३४४८२७५८६२… ही संख्याही आवर्तीच आहे, कारण ती परिमेय आहे. पण छेद २९ असला की फिरणारा गट २८ अंकांचा असतो: १०३४४८२७५८६२०६८९६५५१७२४१३७९३, आणि मग पुन्हा १०३४… दहा-बारा अंकी कॅल्क्युलेटरवर यात आवर्तन असल्याची खूणही दिसत नाही. एका चेंडूच्या फरकाने दोन अंकी गट २८ अंकी झाला. अशा वेळी दशांशावरून अपूर्णांकाकडे परतायची वाट हातात राहत नाही, म्हणून मुळात अपूर्णांक सोडूच नये. भागाकार शेवटी करावा, एकदाच.

वर्गात मी यानंतर एक छोटे उदाहरण देतो. एका संघाची धावगती ८.३६३६३६…, धावा १३८. किती षटके? ९९ क्ष = ८२८, क्ष = ९२/११. षटके १३८ × ११ भागिले ९२, म्हणजे १६.५. इथे बऱ्याच वह्यांत '१६ षटके ५ चेंडू' असे लिहिलेले सापडते. अर्धे षटक म्हणजे तीन चेंडू, म्हणून फलकावर १६.३, चेंडू ९९. मग मुलांना विचारावे, १३८ हा आकडा दिला नसता तर? चेंडूमागची गती ४६/३३, आणि १२० च्या आत ३३ च्या तीन पटी बसतात: ३३, ६६, ९९. म्हणजे ४६, ९२ आणि १३८ धावांचे तीन वेगवेगळे डाव, आणि तिघांची धावगती शेवटच्या अंकापर्यंत एकच.